पारसिकच्या पोटातली वाट

कळव्याकडून पाहिलं तर पारसिकचा डोंगर थेट खाडीत पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. ठाण्याहून कल्याणला जायचं तर रेल्वेला आधी त्याच्याशी काहीतरी ठरवावंच लागतं. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १ मे १८५४ ला कल्याणला पोचली, ती खाडी ओलांडून, डोंगराच्या कडेकडेनं वळसा घेत. पुढे गाड्या वाढल्या, जड झाल्या आणि तो वळसा जाचू लागला. मग १९१६ मध्ये डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. डोंबिवली-कल्याणच्या कित्येक पिढ्यांना फास्ट लोकलची खूण म्हणजे त्या बोगद्यातला अंधार असे. आज याच डोंगराच्या पोटातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची वाट जाते आहे.

वेगाचा विषय निघाला की आपण इंजिनाची ताकद विचारतो. मला वाटतं, आधी वाटेची चौकशी करावी. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम आजही ‘थ्रस्ट एसएससी’ या ब्रिटिश गाडीच्या नावावर आहे. १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी ती ताशी १२२८ किलोमीटरच्या आसपास नेली, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. फँटम लढाऊ विमानांत वापरलेल्या जातीची दोन जेट इंजिनं तिला होती. पण तेवढ्या वेगात रबरी टायर फिरतानाच फाटून जातील, म्हणून चाकं भरीव अ‍ॅल्युमिनियमची करावी लागली, आणि त्यांना पेलेल अशी सपाट जमीन शोधावी लागली. हा विक्रम मोडायला निघालेल्या ‘ब्लडहाउंड’साठी दक्षिण आफ्रिकेतल्या हक्सकीन पॅनवर स्थानिक लोकांनी हातांनी हजारो टन दगड वेचून धावपट्टी तयार केली. २०१९ मध्ये ती गाडी तिथे ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेली. फ्रान्सच्या टीजीव्हीनं ३ एप्रिल २००७ ला रुळांवर ताशी ५७४.८ किलोमीटर गाठले, तेव्हाही वळणांवर बाहेरचा रूळ आणखी उंच करावा लागला, विजेच्या तारेचा ताण वाढवावा लागला.

आपल्याकडची बुलेट ट्रेनची नवी वाट ताशी ३२० किलोमीटरसाठी आहे. म्हणजे सेकंदाला जवळपास ८९ मीटर. बारा डब्यांच्या लोकलएवढं अंतर तीन सेकंदांत. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. म्हणून या मार्गाच्या मुख्य भागात वळणाची त्रिज्या किमान ६ किलोमीटर ठेवली आहे. असलं ऐसपैस वळण मुंबई-ठाण्याच्या दाट वस्तीत जमिनीवर मांडायचं कुठे? वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटर मार्ग जमिनीखालून नेला आहे तो यासाठी. त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून जातो. वर फ्लेमिंगोंचं अभयारण्य आणि खारफुटी, दोन्हींना हात न लावता.

या २१ पैकी सुमारे १६ किलोमीटर टनेल बोअरिंग मशीननं खणायचे आहेत. मेट्रोच्या बोगद्यांना सहा-सात मीटर व्यासाचं यंत्र पुरतं. इथे एकाच नळीत जाण्या-येण्याचे दोन्ही रूळ, म्हणून यंत्राचं तोंड १३ मीटरहून मोठं. मागोमाग काँक्रीटची कडी बसवत जायची. एका कड्यात नऊ वक्र तुकडे आणि शेवटी ठोकायचा एक किल्लीचा तुकडा, प्रत्येक दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड. अशी ७,७०० कडी, म्हणजे ७७,००० तुकडे, आणि ते ओतायचं आवार महापेला. शीळफाट्याकडचे पावणेपाच-पाच किलोमीटर मात्र पारसिकच्या काळ्या कातळातले, तिथे सुरुंग लावून, भिंतींवर काँक्रीट (शॉटक्रीट) फवारत पुढे जायची पद्धत. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. डोंगराखाली तो सर्वात खोल, ११४ मीटरवर आहे.

यातला मला सर्वात विलक्षण वाटणारा भाग हवेचा आहे. गाडी वेगानं बोगद्यात शिरली की समोरची हवा दाबली जाते. त्या दाबाची लाट आवाजाच्या वेगानं पुढे धावते आणि दुसऱ्या तोंडातून स्फोटासारखी बाहेर पडते. जपानला हे १९७५ मध्ये कळलं, तिथली बुलेट ट्रेन, शिन्कान्सेन, हाकातापर्यंत वाढवली तेव्हा. धमाक्याची तीव्रता साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर धमाका आठपट. उपाय दोन्हीकडून केले गेले. बोगद्याच्या तोंडाशी छिद्रं असलेलं टोपरं बांधलं, आणि १९९७ च्या ५०० मालिकेच्या गाडीला खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून सुचलेलं १५ मीटर लांब नाक दिलं. दोन गाड्या एकाच नळीत समोरासमोर आल्या तर हवेचा धक्का आणखी मोठा. त्यासाठी डबे हवाबंद करतात.

आता डोंगराच्या खाडीकडच्या बाजूला या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. पारसिकचा जुना बोगदा मेल-एक्स्प्रेसना गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या वळणावरून धावू लागल्या. ९ जून २०२५ च्या सकाळी त्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांतले काही जिवाला मुकले. कसाऱ्याहून, कर्जतहून, डोंबिवलीहून कामावर निघालेल्या माणसांना दारात उभं राहण्याची हौस नसते. आत जागाच नसते.

बुलेट ट्रेनच्या बोगद्यात दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना प्रवाशाच्या कानाला दडा बसू नये, इतका बारीक विचार होतो. तो व्हायलाच हवा, आणि करणाऱ्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण तेवढंच बारीक गणित मुंब्र्याच्या वळणाचं व्हायला हवं. रुळांमधलं अंतर, बाहेरच्या रुळाची उंची, वळणावरचा वेग, आपोआप बंद होणारी दारं आणि आत श्वास घेता येईल इतकी हवा, यातलं काहीही आजच्या अभियांत्रिकीला अवघड नाही. लोकलनं रोज जाणाऱ्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आणि रेल्वेकडे याचा हिशेब तारखेनिशी मागावा.