पिशवी, बीजांडकोश आणि स्मरणशक्ती

मादी उंदराचं प्रजननचक्र चार-पाच दिवसांत पूर्ण होतं. तेवढ्या दिवसांत तिच्या मेंदूतल्या काही पेशींची ठेवणही बदलते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवेन यांनी १९९० साली हे दाखवलं. यामागचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक म्हणजे पाळी आणि गर्भधारणा, एवढीच ओळख असलेल्या काळात ही गोष्ट पचायला जडच होती.

हा बदल होतो हिप्पोकॅम्पसमध्ये. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हा भाग नव्या आठवणी नोंदवतो. तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर बाभळीच्या काट्यांसारखी सूक्ष्म टोकं असतात आणि शेजारच्या पेशींचे बहुतेक उत्तेजक निरोप या टोकांवरच येतात. इस्ट्रोजेन वाढलं की टोकांची दाटी वाढते. ते उतरलं की साधारण २४ तासांत सुमारे ३० टक्के टोकं नाहीशी होतात, आणि पुढच्या चक्रात पुन्हा उगवतात.

हे घडतं कसं? इस्ट्रोजेन गटातलं सर्वांत प्रभावी संप्रेरक म्हणजे इस्ट्रॅडिओल. ते मुख्यतः बीजांडकोशात तयार होतं. ते स्निग्ध पदार्थांत विरघळतं, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सहज ओलांडतं. पेशीत त्याला पकडणारे ग्राही असतात. त्यांपैकी अल्फा नावाचा प्रकार आधीपासून माहीत होता, बीटाचा शोध १९९६ साली स्वीडनमध्ये जाहीर झाला. ग्राहीला चिकटलेलं इस्ट्रॅडिओल पेशीच्या केंद्रकात काही जनुकं चालू-बंद करतं आणि नवी प्रथिनं बनू लागतात. याला तास लागतात, कधी दिवस. दुसरा रस्ता पेशीच्या आवरणावरचा. तिथे जनुकांना हात न लावता काही मिनिटांतच परिणाम दिसतो. शिवाय ‘गाबा’ नावाचं रसायन सोडून शेजाऱ्यांना आवर घालणाऱ्या पेशी असतात. इस्ट्रॅडिओल त्यांचा जोर कमी करतं, मग बाकीच्या पेशी जास्त उत्तेजित होतात आणि त्यातून नवी टोकं फुटतात.

पुरुष वाचकांनी इथे पान उलटू नये. अरोमाटेज नावाचं विकर मेंदूतच टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रॅडिओल बनवतं, पुरुषांच्या मेंदूतही.

पण टोकं वाढली म्हणजे हुशारी वाढली, असं नाही. चक्रव्यूहाच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन भरपूर असलेल्या माद्या खोलीतल्या खुणा ध्यानात ठेवून जागा शोधतात. ते कमी असताना ‘इथून उजवीकडे वळायचं’ अशी सवय त्या लवकर पकडतात. एकूण शिकणं वाढण्यापेक्षा शिकण्याची रीतच बदलते. पाळीच्या कुठल्या दिवशी बाईचं डोकं किती चालतं, अशी कोष्टकं मांडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. माणसांत असे महिन्याभरातले फरक मुळातच किरकोळ असतात.

मोठा फरक पडतो तो पुरवठाच थांबला की. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बार्बरा शेर्विन यांनी गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं त्यांची शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्याची क्षमता टिकली. नुसतं खोटं औषध मिळालेल्यांची घसरली. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर अनेकींना नावं, शब्द पटकन आठवत नाहीत. त्यात झोपमोड आणि अंगातून उठणाऱ्या गरम वाफांचाही वाटा असतो. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत या काळातली शिकण्यातली मंदी पाळी पूर्ण थांबल्यावर बऱ्याच अंशी ओसरलेली दिसली.

मग सगळ्यांनाच इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात का? २००३ साली याचं कडू उत्तर मिळालं. पासष्टी ओलांडलेल्या साडेचार हजारांवर अमेरिकी स्त्रियांच्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या नंतरच्या चाचण्यांत बुद्धीला ना फायदा दिसला, ना तोटा. तेव्हा केवळ स्मरणशक्तीसाठी या गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

ऐन तारुण्यात बीजांडकोश गमावलेल्या बाईची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या २००७ मधल्या अभ्यासात, रजोनिवृत्तीआधी बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे बुद्धी मंदावण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त आढळला. शस्त्रक्रियेचं वय जितकं कमी, तितका धोका अधिक. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या (गर्भाशय) काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीही न गाठलेल्या. काम चुकलं की मुकादम लावतो तो दंड, बुडणारी मजुरी यांवर बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण बीजांडकोश राहिले की तेही गेले, हा प्रश्न जेवढा पुढे यायला हवा होता तेवढा आला नाही, असं मला वाटतं. नुसती पिशवी काढली तर इस्ट्रोजेन चालू राहतं. बीजांडकोशही काढले तर ते एकदम कोसळतं.

म्हणून घरातल्या कुणाला पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि का, हे सही करण्यापूर्वी विचारा. काढणं अटळच असेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देता येईल का, हेही विचारा. कॅन्सरसारखी अडचण नसेल तर बहुतेकदा ते देता येतं.