बेचाळीस विरुद्ध तीन : रणजीत इतिहास कुणाचा मोठा, मुंबईचा की विदर्भाचा?

रणजी करंडकात मुंबई आणि विदर्भ समोरासमोर आले की अंजनगाव सुर्जीतल्या पानठेल्यांवर आणि त्याहून जास्त मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एक ठरलेला वाद पेटतो. मुंबईला नोकरीला गेलेला एखादा गाववाला फक्त ‘४२’ एवढाच आकडा टाकतो. इकडून लगेच उत्तर जाते, ‘‘काऊन बे, आजोबाच्या पुण्याईवर किती दिवस जगशीन?’’ १८०३ च्या तहामुळे ज्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, तिथे इतिहासावरून भांडण व्हावे यात नवल नाही. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे आकडे खरे असतात.

मुंबईचे ४२ आले कुठून?

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि पहिलेच विजेतेपद मुंबईने पटकावले. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात तर मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. विजय मर्चंट, अजित वाडेकर, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर ही नावे त्याच परंपरेतली. ४२ वे विजेतेपद मार्च २०२४ मध्ये आले आणि तेही वानखेडेवर विदर्भालाच १६९ धावांनी हरवून. म्हणून ते वऱ्हाडात जरा जास्तच झोंबले.

विदर्भाचा इतिहास २०१७ नंतरचाच का?

मुंबईच्या चाहत्यांचा हा आवडता टोमणा. तो अर्धाच खरा आहे. विदर्भाचा संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. म्हणजे पहिल्या विजेतेपदासाठी त्याला ६० वर्षे लागली आणि तोवर अंतिम फेरीही त्याने पाहिली नव्हती. पण त्याही आधी, स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात, ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ नावाचा संघ खेळला होता. वऱ्हाडाचे नाव रणजीत मुंबईइतकेच जुने आहे, हे इकडच्या चाहत्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. रणजीत मात्र त्यांचे नाव गाजले ते इंदूरच्या होळकर संघासोबत.

इतकी वर्षे अडले कुठे?

स्पर्धा सुरुवातीपासूनच विभागवार होती; विदर्भ उतरला त्याच हंगामापासून विभागातले सामने साखळी पद्धतीने खेळवले जाऊ लागले. महाराष्ट्र राज्यात असूनही विदर्भ मध्य विभागात, मुंबई पश्चिम विभागात. सुरुवातीला विभागातला अव्वल संघच पुढे जाई. विदर्भाच्या वाट्याला राजस्थान आला. हा तोच राजस्थान, जो १९६०-६१ ते १९६९-७० या काळात सात वेळा अंतिम फेरीत जाऊन सातही वेळा मुंबईकडून हरला. त्यामुळे आपण मुंबईच्या किती मागे आहोत हे विदर्भाला मैदानात अजमावण्याची वेळच क्वचित येई.

याचा फटका चाहत्यांच्या अभिमानाला बसला तो बसलाच, पण खरा बसला तो पोरांना. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. साल २०११. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून टी-२० खेळला तो त्याच्याही नंतर. ‘४२ की ३’ या वादाकडे आपल्या भागातल्या आई-बापांनी बघावे ते या बाजूने.

मग मुंबईच्या ४२ ची किंमत कमी का?

नाही. ‘तेव्हा स्पर्धाच नव्हती’ हा विदर्भवाल्यांचा दावा टिकत नाही. विभाग सगळ्यांनाच होते, तरी १५ वर्षे कुणालाच मुंबईला हरवता आले नाही. मात्र सामने तेव्हा कमी असत. २०२४-२५ मध्ये विदर्भाला करंडकासाठी साखळीचे सात आणि बाद फेरीचे तीन, असे दहा सामने खेळावे लागले.

२०१७-१८ ते २०२४-२५ या काळात कोरोनामुळे एक हंगाम झाला नाही. उरलेल्या सात हंगामांत विदर्भ चार वेळा अंतिम फेरीत गेला आणि तीनदा जिंकला. मुंबई दोनदा गेली, एकदा जिंकली. याच राज्यातल्या तिसऱ्या संघाची, ‘महाराष्ट्रा’ची, दोन विजेतेपदे १९३९-४० आणि १९४०-४१ ची. त्यालाही विदर्भाने मागे टाकले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपुरात उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले, तेव्हा वानखेडेचा हिशेब चुकता झाला. पार्थ रेखडेने पहिल्या डावात एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद केले, त्याची क्लिप ग्रुपमध्ये अजून फिरते.

‘उसने’ खेळाडू?

शेवटचा वार मुंबईवाले राखून ठेवतात. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ ला करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, भरवशाचा फलंदाज वसीम जाफर मुंबईचा. तिसऱ्या वेळी कर्नाटकातून आलेला करुण नायर होता. हे मान्यच करायला हवे. पण इंदूरच्या पहिल्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी, कर्णधार फैज फझल, २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे आणि २०२४-२५ च्या हंगामात विक्रमी ६९ बळी टिपणारा हर्ष दुबे हे विदर्भातच घडले.

आणि खेळाडूंचा जन्मदाखलाच काढायचा, तर रोहित शर्माचा जन्म नागपूरच्या बनसोडचा. हे टाकले की मुंबईकर थोडा वेळ गप्प राहतो. मग लिहितो, ‘‘पण वाढला तर बोरिवलीत ना?’’