बाजारात तोंडी हिशोब चोख, वहीवर मात्र चुकतो. सुट्टीत हे अंतर असं भरून काढा

शाळांना सुट्टी लागली आहे. जूनच्या मध्यापर्यंत पोरं घरीच. कुणी डेअरीला दूध घालायला जातंय, कुणी आठवडी बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसतंय. साठ रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेतली तर ४५ रुपये, हे पोरगं पटकन सांगतं. पण तीच बेरीज-वजाबाकी वहीवर मांडायला सांगितली की पेन थांबतो.

ही अडचण फक्त आपल्याच गावातली नाही. नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांची गणितं तपासली. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते संशोधन छापून आलं. बाजारातली अवघड गणितं या मुलांनी तोंडी बरोबर सोडवली, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिल्यावर बरीचशी अडखळली. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात न बसणाऱ्या मुलांचं उलटं झालं. कागदावर जमलं, व्यवहारात गोंधळ उडाला.

कागदावरचं गणित किती कच्चं आहे, हे 'असर' पाहणीतूनही दिसतं. २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. म्हणजे दहातल्या सात जणांना जमलं नाही. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास होणं गरजेचं झालंय. त्यामुळे हे दुर्लक्ष पुढे महागात पडतं.

उपाय साधा आहे. घरात रोज होणारा हिशोब वहीवर उतरवायचा. वेगळा क्लास लावायची गरज नाही. सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं काढली तरी पुरे.

पहिली-दुसरी : आकडा ऐकून लिहिणं

मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. म्हणून पोरं ६३ ऐवजी ३६ लिहितात. 'एकोणसत्तर' ऐकलं की सात आधी लिहिलाच जातो. यात पोराचा आळस नाही, आपल्या शब्दांची ठेवणच तशी आहे. रोज दहा आकडे सांगा आणि लिहून घ्या. चुकलं तर 'साठ आणि तीन' असं फोडून सांगा. घराचा नंबर, गाडीचा नंबर, नोटेवरचा नंबर असं काहीही वाचायला लावा.

तिसरी-चौथी : वजाबाकी नोटांवर

५२ मधून २७ वजा करताना बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती उलटं करतात, सातातून दोन काढतात. पुन्हा पुन्हा रागावून हे सुटत नाही. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी समोर ठेवा. त्यातून २७ रुपये द्यायला सांगा. सुटे कमी पडतात, मग दहाची एक नोट मोडावी लागते. आता सुटे झाले १२, त्यातले ७ दिले, ५ उरले. नोटा उरल्या चार, त्यातल्या दोन दिल्या, दोन उरल्या. शिल्लक २५. लगेच तेच वहीवर मांडून घ्या. हातचा घेणं म्हणजे नोट मोडणं, हे एकदा कळलं की पोरगं विसरत नाही.

पाचवी-सहावी : दुधाची चिठ्ठी

सकाळी ४ लिटर, संध्याकाळी ३ लिटर दूध घातलं आणि दर ३४ रुपये असेल, तर दिवसाचे २३८ रुपये झाले. दहा दिवसांच्या बिलाचे २,३८०. आता उलटं विचारा, ७ लिटरचे २३८ रुपये आले तर लिटरला दर काय पडला? हाच तो तीन अंकी भागाकार. उत्तर काढल्यावर चिठ्ठीवरच्या दराशी पडताळून बघायला सांगा.

आजोबांना दिडकी, अडीचकी पाठ असेल तर नातवाला त्यांच्याजवळ बसवा. ३६ रुपये लिटरचं दीड लिटर दूध ५४ रुपयांना, हे ते बोटावर सांगतील. तेच नातवाने अपूर्णांकात लिहायचं.

सातवी-आठवी : जमीन आणि व्याज

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. टेप घेऊन अंगण मोजा. २२ बाय १५ फूट भरलं तर ३३० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही. डाळिंब १४ बाय १० फुटांवर लावलं तर एका झाडाला १४० चौरस फूट लागतात. मग एकरात किती झाडं बसतील? मुलांना काढू द्या, उत्तर ३११ च्या आसपास यायला पाहिजे.

व्याजही शिकवा. महिना दोन टक्के ऐकायला थोडं वाटतं. पण ५,००० रुपये घेतले आणि मुद्दल तशीच राहिली, तर महिन्याला १०० आणि वर्षाला १,२०० रुपये व्याज जातं. वर्षाचे झाले २४ टक्के. हे गणित ज्याला आठवीत कळलं, तो उद्या कुठल्याही कर्जाच्या कागदावर डोळे झाकून सही करणार नाही.

स्वतःला लिहिता येत नसेल तर?

'आम्ही शिकलो नाही, पोराला काय सांगणार,' असं बरेच आईवडील म्हणतात. सांगायची गरजच नाही. आईने तोंडी हिशोब करायचा, पोराने वहीवर. दोघांचं उत्तर जुळलं तर बरोबर. नाही जुळलं तर 'कसं केलंस, मला सांग' एवढंच विचारायचं. सांगता सांगता पोराला आपली चूक स्वतःच सापडते. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर शेवटी फक्त तपासायला वापरा.

एक शंभर पानी वही यासाठी बाजूला ठेवा. रोज तारीख टाकून दोन-तीन गणितं लिहून घ्या, चुकलेली खोडू नका. शाळा उघडली की ती वही गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. पोरगं नेमकं कुठे अडतंय, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.