पाषाणावरील चिन्ह आणि पात्रावरील रेषा : जयपूरच्या निळ्या भांड्यांच्या निमित्ताने

‘प्राचीन पाषाणशिल्पांपासून प्रेरित’, ‘आध्यात्मिक चिन्हांनी युक्त’ ही विशेषणे हस्तनिर्मित भांड्यांच्या संदर्भात आज सर्रास योजिली जातात. त्यांतील ‘प्रेरणा’ हा शब्द तपासून घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ या संज्ञेने जे केले, तेच येथे ‘प्रेरणा’ करते : परस्परांहून अगदी भिन्न असे संबंध ती एकाच नावाखाली झाकून टाकते. पाषाणावरील चिन्ह आणि पात्रावरील चिन्ह यांच्यात किमान तीन प्रकारचे संबंध संभवतात. त्यांना आपण सातत्य, पुनर्घटना आणि उचल अशी नावे देऊ. हे तीन संबंध वेगळे ओळखण्याचे कारण केवळ वर्गीकरणाचे नाही. चिन्हाच्या अर्थाची जबाबदारी कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर तिन्ही ठिकाणी निराळे येते.

जयपूर हे या विवेचनाला सोयीचे स्थळ आहे. तेथील निळी भांडी ‘पारंपरिक’ म्हणून ओळखली जातात. पण त्यांची घडण पाहू लागताच परंपरा या कल्पनेतील गुंता पुढे येतो. पहिली गोष्ट ही की, कुंभाराची माती येथे नसतेच. गारगोटीची भुकटी, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांचे हे मिश्रण. त्याची पोळीसारखी लाटी करून ती साच्यात दाबतात, आकार टिकावा म्हणून आत राख भरतात. चाकाचा उपयोग मुख्यतः गळा आणि बैठक यांपुरता. घासून गुळगुळीत केलेल्या भांड्यावर पांढरा लेप देऊन त्यावर कोबाल्टच्या ऑक्साइडने बाह्यरेषा काढतात, मग रंग भरतात, झिलई देतात आणि सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाला एकदाच भाजतात. काढताना काळपट दिसणारी रेषा भट्टीतून निळी होऊन बाहेर येते. म्हणजे चित्रकाराला आपले चित्र अंतिम रंगात दिसत नाही. ते त्याला आधीच मनात पाहावे लागते.

ही कृती जयपूरची नाही आणि पूर्णतः भारतीयही नाही. इराणातील काशान येथील अबुल कासिम याने १३०१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दहा भाग गारगोटी, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती असे प्रमाण दिलेले आहे. इराणी कारागिरांच्या या गारगोटीच्या भांड्यांमागे चिनी पोर्सेलीनची बरोबरी करण्याची ओढ होती, असे अभ्यासक मानतात. मुलतान, सिंध, दिल्ली असा प्रवास करीत ही विद्या जयपूरला आली. सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाल १८३५–१८८०) यांच्या कारकिर्दीत, १८६६ मध्ये, जयपूरला कलाशाळा उभी राहिली आणि तेथे ही विद्या शिकविली जाऊ लागली. या आगमनाची एक आख्यायिका सांगितली जाते. पतंगांच्या उत्सवात दोन कुंभार भावांनी महाराजांचे पतंग भराभर कापले. त्यांच्या मांज्याला भांड्यांसाठी कुटलेल्या काचेची पूड लावलेली होती. महाराजांनी त्यांना शिक्षा न करता शिकवायला ठेवून घेतले. कथा ऐतिहासिक असो वा नसो, ती एक गोष्ट मान्य करते : ही कला बाहेरून आली आणि राजाश्रयाने रुजली. आख्यायिका येथे बाजारातील विशेषणांहून अधिक प्रामाणिक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोप पावण्याच्या बेतात होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळाने तिला पुन्हा उभे करण्याचे श्रेय चित्रकार कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांच्याकडे जाते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले, पुढे जपानमध्येही त्यांनी शिक्षण घेतले; १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय संविधानाची मूळ प्रत सजविणाऱ्या नंदलाल बोस यांच्या चमूतही ते होते. या प्रतीच्या पहिल्या भागाच्या आरंभी मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैल आहे, हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दगडात कोरलेल्या, बोटभर आकाराच्या मुद्रेवरील प्राणी येथे राष्ट्राच्या ग्रंथाचा प्रारंभ सूचित करतो. मुद्रेवरील लिपी आजही सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. तरी चित्राला नव्या ठिकाणी नवा आणि स्पष्ट अर्थ मिळाला. तो अर्थ सिंधू संस्कृतीचा नाही, १९५०च्या भारताचा आहे, आणि तो देणाऱ्यांनी ते उघडपणे केले. मी ज्याला पुनर्घटना म्हणतो ती ही. अजिंठ्याची रेषा, लघुचित्रांतील फुले-पक्षी आणि इराणी वेलबुट्टी यांना एकाच पात्रावर आणणारी शेखावतांची दृष्टी याच शाळेत घडली.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे एक जुना दाखला आठवेल. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्याच सुमारास त्या शाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईदार भांडी तयार होत आणि त्यांच्या नक्षीसाठी सिंधची भांडी व अजिंठ्याच्या प्रतिकृती हे दोन्ही स्रोत वापरले जात. लेणे ते कागद आणि कागद ते पात्र असे हे दुहेरी भाषांतर होते. भिंतीवरील जातकचित्रांत कथा होती. पात्रावर आली ती तिच्या कडेची नक्षी आणि सुट्या आकृती. तौलनिक अभ्यासकाला परिचित असलेला नियम येथेही दिसतो : माध्यम बदलले की प्रथम आख्यान गळते, अलंकार मात्र तरतो.

याउलट सातत्याचे उदाहरण राजस्थानातच, नाथद्वाऱ्याजवळील मोलेला या गावी आढळते. तेथील कुंभार देवनारायण, नागदेव इत्यादी लोकदेवतांच्या मृण्मय फलकमूर्ती घडवितात. दूरच्या वस्त्यांतील भाविक भोप्यासह येऊन त्या नेतात आणि विधिपूर्वक देवस्थानात बसवितात. येथे चिन्हाचा अर्थ कुंभार एकटा ठरवीत नाही. घडविणारा, नेणारा आणि पुजणारा असा समूह तो जिवंत ठेवतो. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाचेही तसेच. त्याला ‘प्रेरणा’ म्हणण्याची गरज कोणालाच भासत नाही. नित्यव्यवहाराला प्रेरणेचे प्रमाणपत्र लागत नाही.

तिसरा संबंध, उचल, समजण्यासाठी मूळ पाषाणचिन्हाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. ते स्थानबद्ध असते. जयपूरच्या उत्तरेस असलेल्या बैराट अर्थात विराटनगरच्या परिसरात अशोकाचा एक शिलालेख सापडला. भिक्खूंनी व उपासकांनी श्रवण-मनन करावे अशा सात धर्मग्रंथांची नावे त्यात कोरलेली आहेत. भारतीय साहित्येतिहासातील ही अतिप्राचीन वाचनसूची म्हणता येईल. १८४० मध्ये हा शिलाखंड उजेडात आला आणि पुढे कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीत नेण्यात आला. मजकूर शाबूत राहिला. पण ज्या टेकडीवरील विहारातल्या भिक्खूंना उद्देशून तो होता, ती टेकडी मागे राहिली. अक्षरे असल्यामुळे निदान संबोधन तरी वाचता येते. अक्षरे नसती तर काय उरले असते?

या प्रश्नाचे उत्तर कोकणात मिळते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कातळशिल्पे आणि गोव्यातील कुशावती नदीकाठची उसगाळीमळ येथील शिल्पे यांतील निवडक नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. जमिनीवर उभे राहून तो एका दृष्टिक्षेपात मावत नाही. त्याच्यावरून चालावे लागते. गोल पात्रावरील चित्रही एकाच वेळी संपूर्ण दिसत नाही, ते फिरवावे लागते. म्हणजे पात्र हे या शिल्पांना अगदीच परके माध्यम नाही. पण एकीकडे पाहणारा हलतो, दुसरीकडे वस्तू. एकात माणूस आकृतीच्या आत असतो, दुसऱ्यात आकृती माणसाच्या हातात. हा फरक आकारमानाचा नाही, अधिकाराचा आहे.

कातळशिल्पांचा काळ आणि हेतू यांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अशी आकृती पात्रावर घेऊन तिला ‘ऊर्जाचक्र’ वा ‘ध्यानचिन्ह’ म्हणणे म्हणजे अज्ञात अर्थाच्या जागी सोयीचा अर्थ बसविणे होय. उसगाळीमळच्या वर्तुळाकार चक्रव्यूहाचे पाहा. तशीच रचना क्रीटमधील नोससच्या नाण्यांवर आढळते आणि हळेबीडच्या मंदिरात ती अभिमन्यूच्या कथेसह कोरलेली आहे. हळेबीडला कथा शिल्पातच आहे, म्हणून अर्थाला आधार आहे. उसगाळीमळच्या कातळावर तसा आधार नाही. आकृती समान म्हणून अर्थही समान, हा निष्कर्ष कल्पनाबंधांच्या अभ्यासाने फार पूर्वीच त्याज्य ठरविला आहे.

याचा अर्थ कुंभाराने कातळशिल्पांकडे पाहूच नये असा नाही. उचल हाही सर्जनाचा एक मान्य मार्ग आहे; साहित्याचा निम्मा इतिहास तिच्यावर उभा आहे. अपेक्षा एवढीच की, तिने आपले नाव सांगावे : आकृती कोणत्या स्थळाची, तिच्याविषयी काय ठाऊक आहे, आणि नवा अर्थ कोणाचा. भौगोलिक मानांकन वस्तू कोठे घडली याची ग्वाही देते. तिच्यावरील चिन्ह कोठून आले याची देत नाही. ही उणीव वर्णनाने भरून काढता येते. त्यात कारागिराचाही लाभ आहे. अर्थ ‘प्राचीनां’च्या नावे जमा झाला की, काळपट रेषेत निळा रंग आधीच पाहणारा हात निव्वळ नकलाकाराचा ठरतो.

आणि कातळ स्वतः सुरक्षित नाही. बारसूच्या सड्यावरील शिल्पे तेथील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे २०२२–२३ मध्ये चर्चेत आली, तेव्हा हे स्पष्ट झाले. पात्र फुटले तर दुसरे घडविता येते. उघड्या सड्यावरची रेषा पुसली गेली की तिच्या प्रतिकृतींना तपासून पाहण्याचे साधनच नाहीसे होते. भाषांतर मूळ संहितेचे आयुष्य वाढविते, हे खरे. पण ती संहिता उपलब्ध असेपर्यंतच त्याला भाषांतर म्हणता येते.