पट्ट्याची भीती

मला कुत्र्याची भीती वाटत नाही, विजेच्या बिलाची थोडी वाटते; पण दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगू लागला, की छातीत ताशाच सुरू होतो. डॉक्टरांकडे १५२/९४ आणि घरच्या यंत्रावर १२८/८०! सौ. म्हणते, ‘‘यंत्रालाही तुमची दया येते.’’

वैद्यकशास्त्रात याला ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ असं नावच आहे. मात्र तो हसण्यावारी नेऊ नये, कारण अशांपैकी काहींना पुढे खराखुरा रक्तदाब जडतो. म्हणून डॉक्टरांनी मला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहायला सांगितलं.

हे मोजणं म्हणजे एक व्रतच आहे, मंडळी. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. मग ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून स्वस्थ बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. आणि तोंड बंद! बोलण्यानंही आकडा चढतो. (हा नियम सौ.ला फारच आवडला.) मिनिटभरानं पुन्हा एकदा मोजायचं. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली, तर डॉक्टरांना दाखवायचं.

माझी सरासरी खालीच राहिली. पण हौसेनं सौ.नंही दंड पुढे केला, तर १४८/९२. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही. रक्तदाब बहुधा असाच गुपचूप चढतो. वहीवरचं माझं नाव खोडून तिचं घातलंय. सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे.