नव्या एंजिनाचें स्नेहन

तान्ह्या बालकास तेल लावतांना घरांतील वडीलधारीं माणसें जो विवेक पाळतात, तोच नव्यानें जोडलेल्या एंजिनाविषयीं पाळावयास हवा. कुर्ल्यास पूर्वी तयार होणारी पद्मिनी गाडी हौसेनें उघडून वेगासाठीं पुन्हां बांधणारे तरुण आमच्या नागपुरांत आहेत. हजारों रुपये खर्चून झाल्यावर त्यांतील कित्येक महागांतलें महाग सिंथेटिक तेल ओततात. येथेंच घात होण्याचा संभव असतो.

सिलिंडर घांसला म्हणजे त्याच्या भिंतीवर बारीक तिरकस रेघा राहतात व त्यांवर पिस्टनच्या रिंगा घांसून बसाव्या लागतात. तेल अति निसरडें आणि चाल अति सौम्य असेल, तर रिंगा बसण्यापूर्वींच भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. मग तेल जळतें, निळा धूर निघतो आणि सारा खर्च व्यर्थ जातो.

म्हणून आरंभीं साधें खनिज तेलच घालावें. पद्मिनीच्या १,०८९ सी.सी. एंजिनांतील सपाट टॅपेटांस जस्त व स्फुरद यांचें संयुग असलेलें तेल हितकर. हल्लींच्या पुष्कळ तेलांत तें कमी असतें. प्रत २०डब्ल्यू-५० असावी. पहिला अंक थंडींतील ओघाचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. उन्हाळ्यांत ४५ अंश ओलांडणाऱ्या आमच्या शहरास ती मानवते. गाडी उभी ठेवून एंजिन फार वेळ चालवूं नये. वेग कमीजास्त करीत फिरवावी. सुमारें ८०० किलोमीटरांनंतर फिल्टरासह तेल बदलावें, म्हणजे धातूचा चुरा निघून जाईल. रिंगा बसल्यावर सिंथेटिक खुशाल वापरावें.

संस्कृतांत तेल व प्रेम या दोहोंस ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे. दोहोंतही काळवेळ पाहणें इष्ट.