विलासनौका
खाजगी जलविहारासाठी अथवा भाडेतत्त्वावरील पर्यटनासाठी बांधलेली, पगारी खलाशांकरवी चालविली जाणारी मोठी व सुखसोयींनी युक्त नौका. सामान्यतः २४ मी. किंवा त्याहून अधिक लांबीच्या नौकेस ही संज्ञा लावतात. ‘यॉट’ हा शब्द शिकार वा पाठलाग या अर्थाच्या डच शब्दावरून आला आहे. ॲम्स्टरडॅम नगराने १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास ‘मेरी’ ही अशी नौका भेट दिली आणि तेथे हौशी नौकाविहारास राजाश्रय लाभला.

या नौकांचे स्वरूप मालकाच्या आवडीइतकेच नियमांनीही ठरते. बारांहून अधिक उतारू नेणारी नौका आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार प्रवासी जहाज ठरते. त्यामुळे प्रचंड नौकेतही पाहुणे बहुधा बाराच असतात व खलाशी त्यांहून अधिक. ५०० ढोबळ टनभारापासून अधिक कडक नियम लागू होतात, म्हणून अनेक नौका ४९९ वर थांबविलेल्या दिसतात. (हा टनभार म्हणजे वजन नव्हे, तो बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात.) मोठ्या नौकांचा खालचा सांगाडा बहुधा पोलादी आणि वरचे मजले ॲल्युमिनियमचे असतात, वरचा भार कमी राहिल्याने नौकेचे स्थैर्य वाढते. नेदर्लंड्‌स, जर्मनी व इटली हे देश या बांधणीत अग्रेसर आहेत. ब्रेमेनच्या ल्युर्सेन कंपनीने २०१३ मध्ये पूर्ण केलेली ‘अझ्झाम’ सु. १८० मी. लांब आहे.

जुन्या जहाजाचे रूपांतर करण्याचीही प्रथा आहे. कॅनडाच्या नौदलासाठी १९४३ मध्ये बांधलेली ‘स्टॉर्माँट’ ही युद्धनौका ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिस यांनी १९५४ मध्ये भंगाराच्या भावात घेतली आणि कील येथे तिची ‘क्रिस्तीना’ ही विलासनौका बनविली. तिच्यावरील पोहण्याच्या तलावाचा तळ वर उचलला की त्याची नृत्यभूमी होई. ओनासिस यांच्या मृत्यूनंतर (१९७५) ती ग्रीक सरकारकडे गेली व दुर्लक्षित राहिली. १९९९–२००१ मध्ये क्रोएशियातील गोदीत तिचे नूतनीकरण झाले.

उन्हाळ्यात भूमध्य समुद्र व हिवाळ्यात कॅरिबियन बेटे असा या नौकांचा ठरलेला क्रम असतो.

उंच डोलकाठीच्या नौकांत स्थैर्याचा प्रश्न विशेष नाजूक असतो. इटलीत २००८ मध्ये बांधलेली ५६ मी. लांबीची ‘बायेझियन’ ही शिडाची नौका १९ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे सिसिलीतील पोर्तिचेलो येथे नांगरलेली असता वादळात बुडाली. २२ जणांपैकी ७ मृत्युमुखी पडले. तिची एकमेव डोलकाठी सु. ७२ मी. उंच, म्हणजे नौकेच्या लांबीहून अधिक होती. ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण विभागाच्या मे २०२५ मधील अंतरिम अहवालानुसार, शिडे उतरविलेली व तळाखालची मध्यफळी वर घेतलेली असताना ती सु. ७१° पलीकडे कलल्यास पुन्हा सरळ होणे शक्य नव्हते आणि ताशी सु. ११७ किमी.हून अधिक वेगाचा आडवा वारा तिला उलथविण्यास पुरेसा होता. प्रत्यक्षात ती पंधरा सेकंदांच्या आत आडवी झाली. नौकेवरील स्थैर्यपुस्तिकेत ही मर्यादा नमूद नव्हती. मालक व खलाशी तिच्याविषयी अनभिज्ञ होते. नौकेचा सांगाडा जून २०२५ मध्ये समुद्रतळावरून वर काढण्यात आला.